तक्रार क्रमांक सदतीस

"हे वाच," खांबेटे बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मोठ्यानं वाच. माझी अब्रू कशी गेली ते मला पुन्हा एकदा नीट ऐकू दे."

दुबईतल्या एका मुलाच्या वडिलांचं ते ईमेल होतं. बाईंच्या वधूवर सूचक मंडळानं त्यांना एका मुलीचा इंग्रजी परिचय पाठवला होता आणि त्यात मुलीला 'टू सिस्टर' आणि 'वन ब्रदर्स' होते. वडिलांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं, की मुलीची बाकीची माहितीही अशीच अंदाजे दिलेली आहे का.

"पस्तीस वर्षं शाळेत घालवली मी," बाई म्हणाल्या. "त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. आणि आता हे ऐकायचं."

"चूक माझी आहे," कोपऱ्यातून सुनीती म्हणाली. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. "एकच पत्र ठेवलंय. प्रत्येक फॉर्मला नाव बदलायचं, आकडा बदलायचा. दिवसाला चाळीस फॉर्म होतात. आकडा बदलतो आणि पुढचा शब्द तसाच राहतो."

"मी करतो," मी म्हणालो.

मला कोणी विचारलं नव्हतं. मी प्रिंटर दुरुस्त करायला आलो होतो, तेही बाईंनी माझ्या आईला फोन केला म्हणून. ही गोष्ट दोन हजार दोन सालची. मी सत्तावीस वर्षांचा होतो, नाशिकमधल्याच एका अकरा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होतो आणि स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं होतं.

"काय करतोस?" बाईंनी विचारलं.

"यंत्रच बनवतो. वाक्याचा साचा तयार ठेवायचा. फॉर्ममधला आकडा त्यात जाऊन बसेल आणि आकडा बघून शब्द आपला आपण बदलेल. एक असला तर ब्रदर, दोन असले तर ब्रदर्स. पुन्हा कधी चूक व्हायची नाही."

"आणि घेशील काय?"

"काही नको," मी म्हणालो आणि कोपऱ्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न केला. बाई मुख्याध्यापिका होत्या. वर्गात कोण कोणाकडे बघत नाहीये हे त्यांना पहिल्या दिवशी कळायचं.

खरं सांगायचं तर मला सुनीती गायधनी आवडली होती. केव्हा आवडली विचाराल तर प्रिंटरचं झाकण उघडलं तेव्हा. मंडळाच्या खाली पिठाची गिरणी होती. खिडकीतून पीठ उडून वर यायचं, प्रिंटरमध्ये बसायचं, आणि तिनं शांतपणे सांगितलं होतं, "आत गहू असेल. बाजरी मंगळवारी येते." तेवढ्यावर मी गारद झालो. मंडळात सगळे तिला सुनीतीताई म्हणायचे. मी पहिल्यापासून पथ्य पाळलं आणि तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. चार महिने "अं," "म्हणजे," "ते जरा" यांवर निभावून नेलं.

तर यंत्र. शहाण्या माणसानं ते एका आठवड्यात उरकलं असतं. लग्नाच्या परिचयात शब्द असून असून किती असणार? भाऊ, बहीण, काका, मामा. पण मला साधं यंत्र नको होतं, सुनीतीनं तोंडात बोट घालावं असं यंत्र हवं होतं. मी इंग्रजीतले वाकडे चालणारे सगळे शब्द गोळा करायला बसलो. ऑक्सचं ऑक्सन, माऊसचं माईस, गूजचं गीस. चारशे बारा शब्द झाले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी शब्दकोश उघडून बसायचो, आणि सहकारी मला बघून दुसऱ्या टेबलाकडे जायचे.

"हेरंब, गूज म्हणजे काय रे?" एकदा बाईंनी विचारलं.

"हंसाच्या जातीतलं असतं, बाई."

"स्थळाला हंस कुठून येणार?"

"आले तर? आपली तयारी हवी."

"बरं," बाई म्हणाल्या. "हंसवाले आले की तुलाच बोलावते."

सासऱ्यांचं अनेकवचनही मी घातलं होतं. इंग्रजीत ते शेवटच्या शब्दाला न लागता पहिल्या शब्दाला लागतं, फादर्स-इन-लॉ, आणि हे मला जमलं याचा मला इतका आनंद झाला की मी सुनीतीला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिनं चष्मा वर केला, वाचलं आणि विचारलं, "एका माणसाला सासरे किती असतात?"

एकच, हे मलाही माहीत होतं. पण ती हसली होती, आणि तेवढ्यासाठी मी आणखी दोन डझन सासरे घालायला तयार होतो.

शून्याचं मात्र बाईंनी ठरवलं. मी 'हॅज नो ब्रदर्स' असं वाक्य केलं होतं. बाईंनी त्यावर काट मारली. "स्थळाच्या कागदावर 'नाही' हा शब्द कधी येऊ द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "मुलीला भाऊ नाही, जमीन नाही, नोकरी नाही. लोक तेवढंच वाचतात. जे नसेल ते लिहायचंच नाही. माझ्या मंडळाची ही पद्धत आहे, आणि माझ्या आधी चालवणाऱ्या बाईंचीही हीच होती." मला ते फारच पटलं, कारण सोपं होतं. आकडा शून्य आला की यंत्र अख्खं वाक्य गाळून टाकायचं. जागासुद्धा रिकामी दिसायची नाही, खालचं वाक्य वर सरकायचं. या सरकण्याचा मला विशेष अभिमान होता.

मी दिवसभर माझ्या ऑफिसात आणि सुनीती तिच्या टेबलावर, म्हणून तक्रारींसाठी आम्ही दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर तिनं निळ्या पेननं यंत्राची चूक लिहायची, मी संध्याकाळी सहाला येऊन ती दुरुस्त करायची आणि उजव्या पानावर लाल पेननं उत्तर लिहायचं. सहाला ती घरी जायला निघालेली असायची. जिन्यात भेट व्हायची तेवढीच. त्यामुळे आमचं पुढचं सगळं बोलणं त्या वहीत झालं.

'तक्रार ९. एक बहीण भरली तर सिस्टर्स येतंय.'

'दुरुस्त. आपल्या बारीक नजरेला सलाम.'

'तक्रार १०. सलाम नको. नऊ नंबरची दुरुस्ती टिकली नाही.'

'आता टिकेल. हे यंत्र म्हणजे माझ्या जिवाचा तुकडा आहे.'

'तक्रार ११. तुकड्याला चुलते मोजता येत नाहीत.'

दुसऱ्या कोणी हे वाचलं असतं तर त्याला ती यंत्राची वही वाटली असती. मला ती प्रेमपत्रांची वाटत होती. मी कोणाला सांगत नव्हतो, पण मनात पक्कं केलं होतं: जानेवारीत मंडळाचा मेळावा आहे, तिथं यंत्र सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं आणि त्याच दिवशी तिला विचारायचं. तिनं स्वतःचा फॉर्म मंडळात कधी भरला नव्हता. बाई सारख्या मागे लागायच्या, "दुसऱ्यांची लग्नं जुळवतेस आणि स्वतःचा कागद कोरा." ती काहीतरी बोलून टाळायची. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला होता. माझी वाट बघत असेल, दुसरं काय.

मेळाव्याच्या आठ दिवस आधी वहीत ही तक्रार आली.

'तक्रार ३७. भाऊ एक भरला तर हॅज वन ब्रदर येतं. पण भाऊ आता नाही. होता. काय भरायचं?'

मी कंपनीतून दमून आलो होतो. वाचलं आणि बरं वाटलं, की चला, यावेळी यंत्रात काही चूक नाही. लाल पेन काढलं आणि लिहिलं:

'सोप्पं आहे. शून्य भरा. वाक्य आपोआप गायब होईल, कोणाला पत्ताही लागणार नाही.'

आणि खाली एक हसरा चेहरा काढला. बऱ्यापैकी मोठा काढला.

दुसऱ्या दिवशी निळ्या शाईत एकच शब्द होता: 'ठीक.' त्यानंतर तक्रार आली नाही. अडतीस नंबर नाही, एकोणचाळीस नाही. मी आईला जेवताना सांगितलं की माझं यंत्र आता निर्दोष झालं आहे. आई म्हणाली, "मग आता जरा केस कापून ये."

मेळावा रविवारी सकाळी दहाला, बाईंच्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये होता. शंभरावर कुटुंबं आली होती. व्यासपीठाच्या खाली माझं टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर, आणि वर पुठ्ठ्याची पाटी: 'इंग्रजी परिचय दोन मिनिटांत.' मी केस कापले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता, आणि तो माझा स्वतःचा परिचय होता. माझ्याच यंत्रातून काढलेला. हेरंब क्षेमकल्याणी, उंची अमुक, शिक्षण तमुक, हॅज टू ब्रदर्स अँड वन सिस्टर. खाली लाल पेननं मी लिहिलं होतं: 'काही तक्रार असल्यास कळवावी.' लग्नाची मागणी घालायची याहून चतुर तऱ्हा जगात कोणाला सुचली नसेल, असं मला आदल्या दिवसापासून वाटत होतं.

साडेअकराच्या सुमाराला गर्दी जरा पांगली. सुनीती फॉर्मचा गठ्ठा घेऊन टेबलापाशी आली. फिकट हिरवी साडी होती. मी उभा राहिलो, खुर्ची मागे पडली, ती उचलली आणि खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला.

तिनं तो सावकाश वाचला. खालची लाल ओळही वाचली. चेहऱ्यावरून मला काही कळेना.

"एस सगळे बरोबर लागलेत," ती म्हणाली.

"हो ना?"

"माझा पाहिलात?"

"तुमचा?"

"आईनं हट्ट धरला म्हणून फॉर्म भरला. परवाच्या गठ्ठ्यात छापलाय तुम्ही."

मी गठ्ठ्यातून तिचा परिचय शोधून काढला. मी मनातून हरखलो होतो, कारण फॉर्म भरला म्हणजे लग्नाची तयारी आहे, आणि कागद मला दाखवते आहे म्हणजे तर झालंच. मी वरपासून खालपर्यंत वाचलं. वडील टपाल खात्यातून निवृत्त, आई गृहिणी, शिक्षण, उंची, विणकामाची आवड.

"एकही चूक नाही," मी म्हणालो.

"पुन्हा पाहा."

मी पुन्हा पाहिलं. "नाही बुवा. हां, भावंडांचं वाक्य नाहीये. पण ते बरोबरच आहे. तुम्ही शून्य भरलं असेल, म्हणून गळलं. आणि बघा, खालचं कसं बेमालूम वर सरकलंय."

हे मी बोललो. बोट ठेवून, तिला ती जागा दाखवून बोललो. आज तेवीस वर्षं झाली, अजून आंघोळ करताना मध्येच हे आठवतं आणि मी तोंडानं काहीतरी आवाज करतो. बायको बाहेरून विचारते, काय झालं.

"सदतीस नंबर," सुनीती म्हणाली.

मला तरीही एक क्षण लागला. मग वहीचं ते पान डोळ्यांसमोर आलं, लाल अक्षरं आली, आणि तो हसरा चेहरा.

"मला वाटलं कोणातरी गिऱ्हाइकाचं..." मी म्हणालो.

"गिऱ्हाइकाचं असतं तर?"

मी तिचा कागद टेबलावर ठेवला.

"माझ्याहून धाकटा होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नेहमीसारखाच होता. "चार वर्षं झाली. आईला इंग्रजी येत नाही. काल तिला हा कागद दाखवला तर ती ओळींवरून बोट फिरवत विचारत होती, ह्याचं कुठं लिहिलंय. मी म्हटलं, यंत्रात तसं बसत नाही. ती म्हणाली, अगं पण मला तर दोन मुलं आहेत."

हॉलमध्ये कोणीतरी माईकवर टकटक करून पाहत होतं. मला काहीतरी करायला हवं होतं, आणि मला एकच गोष्ट करता येत होती.

"मी आत्ता दुरुस्त करतो," मी म्हणालो. "दहा मिनिटं द्या. फॉर्ममध्ये एक खाना वाढवतो. 'आता हयात नाहीत' असा. त्यात आकडा भरायचा, की साचा..."

"त्यात काय भरू? एक?"

माझा हात कीबोर्डवर होता, तो मी काढून घेतला.

तिनं माझा परिचय पुन्हा होता तसा घडी घातला आणि टेबलावर माझ्या बाजूला ठेवला. "हा तुमच्याकडेच असू द्या," ती म्हणाली. मग गठ्ठा उचलून ती बाईंकडे गेली. ती चिडून गेली असती तर मी माफी तरी मागितली असती. ती नुसती कामाला गेली.

थोड्या वेळानं एक उंच माणूस टेबलापाशी आला. सिन्नरचा होता, मुकुंद चांदवडकर, शेतीच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. मी यांत्रिकपणे फॉर्मसाठी हात पुढे केला.

"इंग्रजी नको," तो म्हणाला. "मलाच वाचता यायचं नाही, मुलीला काय दाखवू. पाणी कुठं ठेवलंय तेवढं सांगा."

पाण्याचं पिंप माझ्या टेबलाच्या मागेच होतं. बाई त्याला गाठायला तिथंच आल्या, आणि त्यांनी हाक मारून सुनीतीलाही बोलावलं. दोन खुर्च्या ओढल्या. मी पाठमोरा बसलो होतो, पण मला सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकायचं नाही असं मी ठरवलं असतं तरी माझ्यानं ते झालं नसतं.

"घरी कोण कोण?" त्यानं विचारलं.

"आई, वडील, मी. धाकटा भाऊ होता."

"नाव काय त्याचं?"

नेमकं त्याच वेळी माझ्या प्रिंटरनं कोणाच्या तरी थ्री सिस्टर्स छापायला घेतल्या. तो प्रिंटर किती आवाज करायचा ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्याच्या पोटात अजून गहू असणार. सुनीतीनं उत्तर दिलं, पण मला ते ऐकू आलं नाही. मी वळून पाहिलं. ती बोलत होती. बोलतच होती. मध्येच तिनं हात उंच करून कोणाची तरी उंची दाखवली आणि हसली, आणि तो माणूस पाण्याचा पेला हातात तसाच धरून ऐकत होता. वीस मिनिटं. मी मोजली. तेवढ्यात मी अकरा परिचय छापले. सगळे बिनचूक.

सोमवारी सहाला मी मंडळात गेलो. जिन्यात ती भेटली नाही, लवकर निघून गेली होती. वही टेबलावर होती. मी सदतीस नंबरचं पान काढलं आणि माझं उत्तर हसऱ्या चेहऱ्यासकट खोडलं. खाली लिहिलं: 'माझं चुकलं.' मग बराच वेळ बसून आणखी एक ओळ लिहिली: 'नाव काय त्याचं?' प्रश्न माझा नव्हता, सिन्नरच्या माणसाचा उचललेला होता. पण मला त्याहून चांगला सुचेना.

मंगळवारी डावं पान कोरं होतं. बुधवारीही कोरं. शुक्रवारी मी जायचं बंद केलं.

यंत्राचं म्हणाल तर ते पुढे महिनाभर चाललं. मग बाईंनी नवा फॉर्म छापून घेतला. त्यातले भाऊ किती, बहिणी किती हे खाने त्यांनी काढून टाकले आणि त्या जागी 'घरातली माणसं' असं लिहून खाली पाच ओळी मोकळ्या सोडल्या. लोक त्यात वाट्टेल ते लिहायला लागले. कोणी आजीचं वय लिहिलं, कोणी म्हशीचं नाव लिहिलं. माझ्या यंत्राला त्यातलं अक्षर वाचता येईना. माझे चारशे बारा शब्द, ऑक्सन आणि गीस धरून, फ्लॉपीत गेले आणि सुनीती पुन्हा हातानं टाइप करू लागली. बाईंनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरंच वाटलं.

एप्रिलच्या शेवटी बाई आमच्या घरी आल्या. आईशी बोलल्या, सरबत प्यायल्या आणि पिशवीतून एक लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली. चि. सौ. कां. सुनीती आणि चि. मुकुंद.

"प्रेसवाल्याशी भांडली ही पोरगी," बाई म्हणाल्या. "तो म्हणत होता, कैलासवासी म्हणून वर वडीलधाऱ्यांची नावं घालतात, धाकट्याचं कोणी घालत नाही. ही ऐकेना. मीही सांगून पाहिलं. मला म्हणाली, बाई, नसलेलं लिहायचं नाही ही तुमची पद्धत तुमच्या मंडळात ठेवा."

"मग?"

"मग काय. छापलं त्यानं." बाईंनी पत्रिकेवर बोट ठेवलं. "आणि ही प्रत तुलाच द्यायची म्हणून बजावलंय. दुसरी दिलेली चालणार नाही म्हणाली."

मी पत्रिका उघडली. वर गणपती होता, त्याखाली आजी-आजोबांची नावं होती, आणि त्यांच्या शेजारी, त्याच टायपात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: कै. निरंजन. त्या नावाखाली निळ्या पेननं एक रेघ मारली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'तक्रार ३७. दुरुस्त.'